धीराचा नियम

आमचा धंदा संशयाचा. पोलीस नाही, वकील नाही. मी अर्थशास्त्राचा इतिहास लिहिते. कुठल्या अर्थतज्ज्ञाला कुठला सिद्धांत कसा सुचला, आणि सुचला म्हणून तो जे सांगतो त्यात खरं किती, हे तपासणं माझं काम. विभागातले लोक माझ्याकडे भंगारवाल्याकडे बघावं तसे बघतात. म्हणतात, पुढे जायचं सोडून जुन्या चुका काय उगाळत बसतेस? मी म्हणते, तुमच्या चुका जुन्या झाल्यात असं तुम्हाला कुणी सांगितलं? मग चहाच्या वेळी माझ्या शेजारची खुर्ची रिकामी राहते. राहू दे. पाय पसरायला बरी.

मोठ्या माणसांच्या आठवणींवर माझा काडीचा विश्वास नाही. एकालाही सिद्धांत ऑफिसात बसून, डोकं खाजवत, दुसऱ्याचं वाचून सुचलेला नसतो. कुणाला फिरताना सुचतो, कुणाला दाढी करताना. सांगून सांगून ती आठवण इतकी गुळगुळीत होते की हातातून निसटते. मी त्यातला खडबडीत भाग शोधत असते.

सध्या माझ्या मानगुटीवर एक ग्रंथ बसलाय. आमच्या संशोधन संस्थेचा सुवर्णमहोत्सव आहे आणि तिचा इतिहास मी लिहायचाय. त्या इतिहासाच्या मधोमध आहे धीराचा नियम. पहिल्या वर्षाच्या पोरांना तो अजून शिकवतात. मागणी वाढली म्हणून कारखानदार लगेच माणसं घेत नाही. एक तिमाही धीर धरतो, वाढ खरी की चार दिवसांची ते बघतो आणि मग भरती करतो. सोपा नियम. ऐकणाऱ्याला वाटतं, हे तर आपल्याला ठाऊकच होतं. तो शोधला तिघांनी. एक साहेब, म्हणजे तेव्हाचे विभागप्रमुख. दुसरे कोटवाले, भर उन्हाळ्यातही कोट न काढणारे. तिसरे हसरे, तिघांत धाकटे, कशालाही हसणारे. तिघांची तैलचित्रं संस्थेच्या जिन्यात आहेत.

आणि तळघरातल्या गणनकक्षात बसून जिनं त्या नियमामागचे सगळे आकडे यंत्रावर चालवले, ती माझी मावशी. तिचं चित्र कुठेच नाही. चित्र जाऊ दे, तळटीपेत नावसुद्धा नाही.

तेव्हा सांगूनच टाकते, हा ग्रंथ मी अंगावर घेतला तो तिच्यासाठी. हल्ली आमच्या विषयात हे बरंच चाललंय. बड्या सिद्धांतांमागे गणनकक्षातल्या बायका होत्या हे लोकांच्या लक्षात आलंय, आणि एकेकीला शोधून तिचा मान तिला देतात. मला वाटलं, सगळ्यांच्या मावश्या उजेडात येताहेत, मग माझीनंच काय घोडं मारलंय? शिवाय मावशी थकली होती. डॉक्टरांनी तिच्या हृदयाचं चित्र दाखवून मला बाजूला घेतलं होतं आणि जपा म्हणाले होते. तिच्या डोळ्यांदेखत तिचं नाव छापून यायला हवं होतं. या ग्रंथात आलं नाही तर ते कुठेच येणार नव्हतं.

मावशी म्हणजे आईची धाकटी बहीण. लग्न केलं नाही. मी लहान असताना वडिलांची कारखान्यातली नोकरी गेली आणि आम्ही तिघं थोड्या दिवसांसाठी म्हणून तिच्या दोन खोल्यांत राहायला आलो. ते थोडे दिवस अजून संपलेले नाहीत. आई-वडील गेले, मी तिथेच राहिले. मावशी आता खिडकीशी आरामखुर्ची टाकून बसते आणि वर्तमानपत्रातल्या टक्केवाऱ्या पेन्सिलीनं दुरुस्त करते. जिभेला धार अशी की भाजीवाला तिला बघून वजनकाटा आधीच पुसून ठेवतो.

कुणी म्हणेल, मग सरळ तिलाच का नाही विचारलं? सांगते. आमच्यात एक नियम आहे, नात्यातल्या माणसाची साक्ष घ्यायची नाही. घेतली की तुमच्या सगळ्या लिखाणावर पाणी. त्यामुळे काम सुरू करतानाच मी तिला बजावलं होतं की तुझ्याशी या विषयावर मी चकार शब्द बोलणार नाही, तूही बोलू नकोस. पुस्तक निर्दोष व्हायला हवं. ती वर्तमानपत्रातून मान वर न काढता म्हणाली, “काखेत कळसा आणि गावाला वळसा.” मी हसले. म्हणीच त्या, तिच्या तोंडात दिवसभर असतात.

आधी साहेबांकडे गेले. त्यांच्या खोलीत सगळी पुस्तकं पाठमोरी उभी, आणि त्यांची स्वतःची तेवढी तोंडं दाखवत. कानात यंत्र. स्वतःच्या शोधाबद्दल बोलताना ते छान चालायचं, मी गणनकक्षाचं नाव काढलं की बिघडायचं. तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा म्हणाले, “बाई फक्त आकडे घालायच्या.”

मला वाटलंच होतं. पुढच्या आठवड्यात कोटवाल्यांकडे. ते गच्चीत कोट घालून कुंड्यांना पाणी घालत होते. नियम कुठल्या खोलीत सुचला, फळ्यावर काय लिहिलं होतं, खडू कुठल्या रंगाचा होता, सगळं रंगवून सांगितलं. मावशीचं विचारल्यावर झारी खाली ठेवली आणि म्हणाले, “बाई फक्त आकडे घालायच्या.” तेच शब्द, तोच क्रम.

आता माझ्या मनात पाल चुकचुकली. वर्गातल्या दोन पोरांची उत्तरं बरोबर असली तर ती अभ्यासू असतात. दोघांची चूक सारखी असली तर एकानं दुसऱ्याचं बघून लिहिलेलं असतं. आणि ही दोघं तर एकमेकांचं तोंड बघत नव्हती. नियमावर नाव आधी कुणाचं, यावरून त्यांचं कधीच फाटलं होतं. भांडणारी माणसं एका वाक्यावर एकमत होतात, तेव्हा त्या वाक्याखाली काहीतरी पुरलेलं असतं. पाणी मुरत होतं, नक्की मुरत होतं.

हसरे वृद्धाश्रमात होते. बोळकं झालेल्या तोंडानं स्वागत केलं, बिस्किटं दिली, पुन्हा पुन्हा हसले. मी मुद्द्यावर आले आणि त्यांचं हसू थांबलं. त्यांनी ते वाक्य म्हटलं तेव्हा पाठ केलेली कविता म्हणणाऱ्या पोरासारखे ते समोरच्या भिंतीकडे बघत होते. मी रेकॉर्डर बंद केला आणि विचारलं, हे वाक्य तुम्हाला दिलं कुणी?

“घरी विचारलंस का?” ते म्हणाले.

मी म्हटलं, नात्यातल्या माणसाला विचारणं आमच्या नियमात बसत नाही. झालं. ते हसायला लागले ते थांबेचनात. डोळे पुसत, छाती धरून हसले. शेवटी नर्स आली आणि माझ्याकडे असं बघितलं की मी बिस्किट अर्धवट टाकून निघाले. जिना उतरताना तळपायाची आग मस्तकात गेली होती. माझ्या मावशीचं आयुष्य यांच्यासाठी विनोद होता काय?

घरी येऊन किल्लीनं दार उघडलं तर आत मावशी फोनवर. पाठ माझ्याकडे. म्हणत होती, “हो, तेच सांगायचं. ठरलंय ते. तुम्ही तब्येत सांभाळा.” मला बघितलं आणि रिसीव्हर ठेवला. मी विचारलं, कोण? म्हणाली, राँग नंबर.

राँग नंबरला कुणी तब्येत सांभाळायला सांगत नाही.

तिथून माझं डोकं फिरलं. ज्या घरात मी वाढले त्याच घरात मी हेरासारखी वावरायला लागले. भांडी घासताना नळ बारीक ठेवायचा, तिच्या खोलीतला आवाज ऐकू यावा म्हणून. जेवताना ती सहज विचारायची, कुठवर आलं गं पुस्तक? मी म्हणायचे, चाललंय. ती मान डोलवायची, आणि तेवढ्यावरून मी रात्रभर तर्क करायचे. तरुणपणी साहेबांवर जीव होता की काय? की त्यांनी धमकावलं होतं? की काही कबूल करून तोंड बंद केलं होतं? एकदा तर मी तिच्या जुन्या फोटोत तिघांतलं कोण तिच्या किती जवळ उभं आहे ते पट्टीनं मोजलं. लाज वाटली, पण मोजलं. काही निष्पन्न झालं नाही. चौघंही उन्हामुळे डोळे बारीक करून उभे होते.

शेवटी मी ठरवलं, कारस्थान काय ते असो, माझं काम नाव घालण्याचं. सगळं बळ पणाला लावून ते प्रकरण लिहिलं. आकड्यांमधला तो एका तिमाहीचा धीर सगळ्यात आधी दिसला असेल तर तो यंत्रावर बसलेल्या बाईलाच दिसला असणार. तिघांनी त्याला फक्त नाव दिलं, आणि एकमुखानं तिला पुसून टाकलं. त्यांचं ते एकच वाक्य मी तीनदा, एकाखाली एक छापलं. वाचणाऱ्याच्या अंगावर काटा यावा असं. मुद्रितं आली. छापखान्याला दुसऱ्या दिवशी परत द्यायची होती. मग मी म्हटलं, आता लिहून झालंय, आता नियम मोडत नाही. दुपारी चहा केला आणि मावशीसमोर बसून ते प्रकरण मोठ्यानं वाचलं.

ती रडेल असं मला वाटलं होतं. रुमाल जवळ ठेवला होता.

वाचून झाल्यावर तिनं चहाचा शेवटचा घोट घेतला आणि म्हणाली, “छान लिहितेस. काढून टाक हे.”

मी म्हटलं, घाबरू नकोस, ते म्हातारे आता काय करणार आहेत? तर म्हणाली, ते वाक्य त्यांचं नाहीच. माझं आहे. मीच दिलंय त्यांना.

मग तिनं सांगितलं. नेहमीच्याच आवाजात, किराणा सांगावा तसं. कारखान्यांकडून दर तिमाहीला दोन प्रकारचे आकडे यायचे, मागणीचे आणि भरतीचे. हंगामाच्या तिमाहीत मागणीचे वेळेवर यायचे, भरतीचे मात्र दर वर्षी उशिरा. का, तर ऐन घाईत ते भरून पाठवायला कारखान्यात माणूस मोकळा नसायचा; सगळे नवीन माणसं कामाला लावण्यात गुंतलेले असायचे. आणि साहेबांचा दंडक होता, रकाना रिकामा ठेवायचा नाही, यंत्र अडतं. म्हणून मावशी त्या रकान्यात मागच्या तिमाहीचा आकडा घालायची. खरे आले की बदलू, असं म्हणून. खरे यायचे तोवर पुढचं काम डोक्यावर बसलेलं असायचं. ते गठ्ठे कपाटात जायचे.

मी अर्थशास्त्र शिकलेली बाई. मला पुढचं सांगायची गरज नव्हती. कागदावर दर वर्षी मागणी वाढलेली आणि भरती जागच्या जागी; पुढच्या तिमाहीत भरतीची एकदम उडी. कारखानदार धीर धरतो. कुणीही धीर धरला नव्हता. ते भरती करण्यात इतके गुंतले होते की भरती केली हे कळवायला त्यांना फुरसत नव्हती.

“लक्षात आलं तेव्हा मी तिघांना सांगितलं,” मावशी म्हणाली. “पण तोवर नियम पुस्तकात गेला होता, साहेब सरकारी समितीवर गेले होते. म्हणाले, चूक आपल्या चौघांतच राहू द्या, आम्ही शोधात तुमचं नाव घालतो. मी म्हटलं, नाव घालायचं तर चुकीसकट घाला. ते जमत नसेल तर माझं नाव नको, एवढंच म्हणा की बाई फक्त आकडे घालायच्या. त्यात खोटं काही नाही. कुणी पुढे विचारलं असतं ना, कोणते आकडे, तर सगळं बाहेर आलं असतं. मला वाटायचं, विचारेल कुणीतरी. एवढे विद्वान येतात, मुलाखती घेतात. कुणी नाही विचारलं. तू तिघांकडे जाऊन आलीस.”

खोटं कशाला बोलू, एवढं ऐकूनही माझ्यातला संशय मेला नव्हता. म्हातारी माणसं श्रेय मिळालं नाही की दोष तरी मागून घेतात, हे मी पाहिलंय. कशानं तरी इतिहासात शिरायचं असतं. तिला ते माझ्या तोंडावर दिसलं असावं. म्हणाली, लाव साहेबांना फोन. मी तिच्यासमोर लावला. म्हटलं, मावशीनं सगळं सांगितलं. कानातलं यंत्र या वेळी बिघडलं नाही.  साहेब म्हणाले, बरं झालं, आता मला ते वाक्य म्हणायला नको. आणि त्यांनीच फोन ठेवला.

मी मुद्रितांकडे बघत बसले. माझं प्रकरण कामातून गेलं होतं. पण खरं सांगायचं तर तेवढंच नव्हतं. लोक मावशीबद्दल काय म्हणतील ते मला ऐकू यायला लागलं होतं. जिन्यातली तिघं चित्रात तशीच राहतील आणि पुस्तकभर नाव होईल ते हिच्या चुकीचं. विभागातल्या त्या लोकांना तर हे हवंच आहे. झाकली मूठ झाकलेलीच बरी. मी तिचा हात धरला आणि म्हटलं, मावशी, हे आपल्या दोघींतच राहू दे. तुझं नाव घालूया, बाकीचं कशाला?

ती म्हणाली, साहेबांनी अगदी असंच विचारलं होतं, फक्त हात धरला नव्हता.

मला राग आला. माणूस एवढं करतंय हिच्यासाठी आणि हिचं आपलं टोचणं. म्हटलं, एका पुस्तकातला एक नियम चुकला, चुकला. शेकड्यांनी चुकतात. त्यानं कुणाचं काय बिघडलं?

“तुझ्या बापाचं,” ती म्हणाली.

मला काही कळेना. ती खिडकीबाहेर बघत बोलत होती. भाऊजींना कामावरून कमी केलं, तुम्ही इथे आलात. ते सरकारच्या बेकारी मदतीच्या कचेरीत गेले. तिथे सांगितलं, तुमच्या कारखान्याला आता मागणी आलीय, नियमाप्रमाणे पुढच्या तिमाहीत भरती होईल, तोवर घरी थांबा, मदत मिळणार नाही. भाऊजी घरी येऊन मोठ्या विश्वासानं म्हणाले, शास्त्रानं सिद्ध झालंय, आता थोडा धीर धरायचा. दुसरीकडे काम बघायचं सोडून रोज याच खुर्चीत दाढी करून, स्वच्छ शर्ट घालून बोलावण्याची वाट बघत बसले. तिमाही उलटली तेव्हा कळलं, जागा आधीच भरल्या होत्या. “मी ताटं घेत होते, आणि ते मला माझेच आकडे सांगत होते. दुसऱ्या दिवशी जाऊन कपाटातले गठ्ठे सोडले,” ती म्हणाली. “कचेरीतला नियम पुढे गुपचूप काढला त्यांनी. भाऊजींना कायमचं काम पुन्हा लागलंच नाही. तुला ठाऊकच आहे.”

मला ठाऊक होतं. तो स्वच्छ शर्ट मला आठवत होता. मी शाळेतून यायचे आणि ते विचारायचे, टपाल आलं का खाली?

त्या क्षणी मला तिचा इतका संताप आला की कप फेकावासा वाटला. आणि संतापाच्या पोटात तो जुना किडा, संशय. ही माझी फी भरायची, मला न विचारता माझ्या ताटात वाढायची, आजारी पडले की उशाशी बसायची, ते सगळं काय होतं मग? मी विचारलंच. तोंडातून निघून गेलं. “मला सांभाळलंस ते माया म्हणून, की फेड म्हणून?”

 मावशीनं हिशोब तपासताना करते तशी ओठांची हालचाल केली.

“दोन्ही असेल,” ती म्हणाली. “वेगळं काढता येईना. मी पुष्कळ प्रयत्न केला.”

मग मी उठले. तोंडावर पाणी मारलं. छापखान्याला फोन करून सांगितलं, मुद्रितं उद्या मिळणार नाहीत. पलीकडचा माणूस कारणं विचारत राहिला; त्याला म्हटलं, एक साक्ष राहिलीय. पिशवीतून रेकॉर्डर काढला आणि चहाच्या कपांमध्ये ठेवला. मावशीनं पदर सारखा केला, पाठ ताठ केली. मी तिला विचारलं, दमली नाहीस ना? डॉक्टर काय म्हणालेत ठाऊक आहे. ती म्हणाली, तुझे डॉक्टर राहू देत, यंत्र चालू झालं का बघ.

झालं होतं. मुलाखतीच्या सुरुवातीला सांगतात तसं मी माझं नाव सांगितलं, आणि सांगत नाहीत ते नातंही सांगितलं. मग तिला तिचं नाव विचारलं. तिनं वडिलांच्या नावासकट पूर्ण सांगितलं. ते पूर्ण नाव मी कितीतरी वर्षांत ऐकलं नव्हतं.

“संस्थेत तू काय काम करायचीस?” मी विचारलं.

“आकडे घालायचे,” ती म्हणाली, आणि माझ्याकडे बघत थांबली.

“कोणते आकडे?” मी विचारलं.